बेचाळीस ताटं

आचारी: पण कडी तरी काढा, मावशी. असं जाळीच्या दारातून काय बोलायचं?

मावशी: जाळीतून सगळं ऐकू येतं. औषध किती वाजता पाजलंस तिला?

आचारी: कसलं औषध?

मावशी: ओठाच्या कोपऱ्यात गुलाबी ओघळ आहे. घाईत तोंड पुसायचं राहिलं तुझ्याकडून.

आचारी: साडेपाचला. अंग जरा कोमट लागलं म्हणून. पण आता बघा, गार आहे. हात लावून बघा की.

मावशी: आता गार असणारच. औषध आहे ते, पाणी नव्हे. साडेदहाला त्याचा जोर ओसरेल आणि पोर पुन्हा तापेल. तेव्हा तू तिकडे शेगडीपाशी असशील. बघ, कपाळावर घाम आहे तिच्या.

आचारी: तीन जिने चढून आलोय आम्ही. घाम मलाही आलाय.

मावशी: खारू, इकडे बघ गं. घसा दुखतो का?

खारू: बाबा म्हणाला, मावशीला सांगायचं नाही.

मावशी: झालं. संपला खटला.

आचारी: मावशी, ऐका माझं. आठ दहाची बस आहे. ती चुकली की पुढची पावणेनऊला. आमच्या वृद्धाश्रमातला दुसरा आचारी परवापासून रजेवर गेलाय, स्वयंपाकघरात मी एकटा. साडेअकराला बेचाळीस ताटं वाढायची असतात, आणि म्हातारी माणसं ती, साडेअकरा म्हणजे साडेअकरा. पाच मिनिटं वर झाली की काठ्या आपटायला लागतात. अजून भाज्यासुद्धा निवडलेल्या नाहीत.

मावशी: तुझी घाई खोटी आहे असं मी म्हटलं का?

आचारी: मग घ्या ना तिला आत. कोपऱ्यात बसवा. खडू दिले की ती हूं का चूं करत नाही, तुम्हाला माहीत आहे.

मावशी: आत आठ पोरं होती, कालपासून नऊ झाली. नववं सातव्या महिन्यात जन्मलंय. आता पाच महिन्यांचं आहे, तरी दोन ओंजळींत मावेल. मी त्याला मूठभर म्हणते. श्वास घेतं तेव्हा फासळ्या मोजून घ्याव्यात. खोकला या दारातून आत येणार नाही, असा त्याच्या आईला मी शब्द दिलाय.

आचारी: पाळणाघरात सर्दी चालायचीच, मावशी. एकाची सुटली की दुसऱ्याला धरते. तुम्हीच म्हणता ना, नाक वाहिल्याशिवाय पोर मोठं होत नाही?

मावशी: म्हणते. म्हणून तर एकेकाच्या रुमालावर वेगळं चित्र शिवलंय. पेले वेगळे, उशा वेगळ्या, आणि संध्याकाळी तुम्ही सगळे गेलात की मी खेळणी साबणाच्या पाण्यात घालून बसते. थंडीतही खिडक्या उघड्या ठेवते, तर खालच्या मजल्यावरची म्हणते, हिला ऊब सोसत नाही. खारू, शिंक आली की कुठे शिंकायचं?

खारू: कोपरात.

मावशी: हातात का नाही?

खारू: हात सगळीकडे जातो.

मावशी: साडेतीन वर्षांची आहे ती. नाक वाहतंय तोवर मी सांभाळते. तापलेलं पोर मात्र घरी. औषध न देता एक अख्खा दिवस बिनतापाचा गेला पाहिजे, मग आणायचं. पहिल्याच दिवशी हे तुला वाचून दाखवलं होतं आणि तू मान डोलावली होतीस.

आचारी: मान डोलावली तेव्हा ताप कुठे होता?

मावशी: तिची आई?

आचारी: ती पहाटे पाचलाच गेली. कोल्ड स्टोरेजमध्ये पॅकिंगला आहे, फोन बाहेर कपाटात ठेवावा लागतो. दोन वाजेपर्यंत आभाळ कोसळलं तरी तिला कळणार नाही. शेजाऱ्यांचं विचाराल, तर त्यांची नावंसुद्धा अजून माहीत नाहीत मला. आणि माझी नोकरीची तीन महिन्यांची बोली परवा संपतेय. आश्रमाच्या मॅडम म्हणाल्या होत्या, तुम्ही टिकाल असं दिसतंय. टिकाल, हाच शब्द. याआधी दोन जागी टिकलो नाही मी, मावशी. दर वेळी असंच काहीतरी आडवं आलं. आठ वाजले. पाच मिनिटांत नाही निघालो तर... आक्छी.

मावशी: हे काय झालं?

आचारी: काही नाही. जिन्यात धूळ आहे.

मावशी: तळहातात शिंकलास. आणि तोच हात आता माझ्या दाराच्या मुठीवर ठेवलायस.

आचारी: कांदा हो. रोज दहा किलो कांदा चिरतो मी. नाक कायमचं बिघडलंय.

मावशी: कांद्यानं नाक गळतं, आवाज बसत नाही. तुझा बसलाय. कधीपासून आहे?

आचारी: मला काही झालेलं नाही.

मावशी: कधीपासून, विचारलं मी.

आचारी: शनिवारपासून. पण ताप एकच दिवस होता, रविवारी.

मावशी: आणि रविवारी कामावर गेला होतास.

आचारी: गेलो होतो.

मावशी: तिथे कुणाच्या लक्षात आलं नाही?

आचारी: कसं येणार? कुणी आत डोकावलं की मी कांदे पुढ्यात ओढतो. डोळे लाल, नाक लाल, कोण विचारतंय? काल इतके चिरले की दोन दिवस पुरतील.

मावशी: डोकं चालतं तुझं.

आचारी: डोकं नाही, मावशी, धास्ती. आणि मी तोंडाला फडकं बांधतो. म्हणजे बहुतेक वेळ. शेगडीपाशी जीव घाबरा होतो तेव्हाच खाली ओढतो.

मावशी: तिथे पायरीवर बस जरा. पोरीला मांडीवर घे, पेंगुळलीय ती.

आचारी: बसायला वेळ नाहीये मला. तुम्ही हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, मी काहीतरी बघतो. तिला घेऊनच जातो तिकडे. स्वयंपाकघराच्या मागे कोठीची खोली आहे, तिथे पोत्यावर झोपवतो.

मावशी: तापलेली पोर घेऊन बेचाळीस म्हाताऱ्यांमध्ये जाणार.

आचारी: मग काय करू? तुम्ही नियम वाचून दाखवता, दार लावता, तुमचं काम झालं. माझं काय?

मावशी: माझं काम झालेलं नाही. बस म्हटलं ना. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे एक बाळ होतं, नऊ महिन्यांचं. चांगलं भक्कम, आम्ही सगळे त्याला पैलवान म्हणायचो. तेव्हा मला सर्दी झाली. साधी म्हणतात तशी. अंग मोडून आलं होतं, उभं राहवत नव्हतं, पण दार बंद ठेवायचं म्हणजे आठ घरांची सकाळ मोडायची. तू आता जसा उभा आहेस ना, तसे आठजण दारात उभे राहिले असते. मी गोळी घेतली आणि दार उघडलं. पैलवानाला झोपताना माझा खांदा लागायचा. गळ्यात तोंड खुपसून झोपायचा.

आचारी: आणि?

मावशी: आठवड्यानं त्याला दवाखान्यात न्यावं लागलं. सतरा दिवस होता. नाकात नळी, पायाला सुई. एवढंसं तोंड झालं होतं.

आचारी: वाचला ना?

मावशी: वाचला. आता पळतो. पण पळाला की छातीत घरघर होते अजून, असं त्याची आई सांगते. बाजारात भेटते कधीकधी.

आचारी: तिला माहीत आहे?

मावशी: तिला वाटतं, बसमध्ये कुणाकडून तरी लागलं. मला म्हणाली, मावशी, तुम्ही एवढं जपता, आमचंच नशीब खोटं. मी मान डोलावली. तुझ्यासारखीच.

आचारी: हे मला कशाला सांगताय?

मावशी: काय माहीत. दोन वर्षांत कुणालाच सांगितलं नव्हतं. तुझा हात त्या मुठीवर बघितला आणि तोंडातून निघून गेलं. तिकडे तू नुसता रांधतोस की वाढतोसही?

आचारी: वाढतो. बाकीचे आपापलं खातात. मास्तरांना भरवतो.

मावशी: कोण मास्तर?

आचारी: आहेत एक. गणित शिकवायचे शाळेत. हात इतका थरथरतो की चमचा तोंडापर्यंत जाईस्तोवर रिकामा होतो. तिथल्या बायकांनी भरवलेलं त्यांना आवडत नाही, तोंड मिटून बसतात. माझ्याकडून खातात. मी त्यांना मुद्दाम चुकीचं गणित घालतो. सात आठे चोपन्न म्हणतो. ते चूक सुधारायला तोंड उघडतात, तेवढ्यात चमचा आत.

मावशी: फडकं बांधून भरवतोस?

आचारी: फडकं बांधून चालत नाही. त्यांना ऐकू कमी येतं, ओठ बघून समजतात.

मावशी: शनिवारपासून रोज भरवलंस?

आचारी: रोज. दोन्ही वेळा. परवा आणि काल सूप होतं. वाफाळतं आणतात बायका, त्यांची जीभ भाजेल म्हणून मी...

मावशी: म्हणून काय?

आचारी: फुंकर मारत होतो. प्रत्येक चमच्यावर.

मावशी: हं.

आचारी: एका वाटीत सव्वीस-सत्तावीस चमचे होतात. मोजलेत मी. तेही मोजतात माझ्याबरोबर.

खारू: बाबा, खिडकीतून बस दिसतेय. आपली बस.

मावशी: पळालास तर अजून गाठशील. मी तुला धरून ठेवलेलं नाही.

आचारी: जाऊ दे.

खारू: बाबा, बस गेली.

आचारी: गेली बाळा. डोकं टेक इथे. मावशी, फोन लावतो मी. तुम्ही जाऊ नका आत. हिला धरून फोन कानाला लावता येत नाही, मोठ्यानं लावतो, ऐकू आलं तर येऊ दे. हॅलो, मॅडम?

मॅडम: कुठे आहात तुम्ही? आज काय सगळ्यांनी मिळून ठरवलंय का? मास्तरांना पहाटेपासून ताप आहे. एकशे दोन. डॉक्टर इथेच आहेत.

आचारी: मॅडम, त्यांचं... कसे आहेत?

मॅडम: धाप लागतेय. डॉक्टर मला विचारत होते, इथे चार-पाच दिवसांत कुणाला सर्दीताप होता का. मी म्हटलं, कुणालाही नव्हता. छातीठोकपणे सांगितलं.

आचारी: मला होता. शनिवारपासून आहे.

मॅडम: शनिवारी मी स्वतः तुम्हाला विचारलं होतं.

आचारी: मी कांदा म्हणालो.

मॅडम: कांदा म्हणालात.

आचारी: रविवारी ताप होता अंगात. आणि त्यांना मीच भरवलंय, मॅडम, तोंड उघडं ठेवून. सूपावर फुंकर मारून. आज पोरीलाही ताप आहे. डॉक्टरांना हे सगळं सांगा. मी येत नाही आज.

मॅडम: फोन ठेवू नका. थांबा.

खारू: बाबा, तू रडतोस?

आचारी: नाही गं. कांदा.

मावशी: अरे, तिच्याशी तरी खरं बोल.

आचारी: हो, खारू. थोडासा रडतोय.

मॅडम: आहात का? डॉक्टर म्हणतात, हे आत्ता कळलं ते चांगलं झालं. ते उद्यापर्यंत वाट बघणार होते, आता फ्लूचं औषध लगेच सुरू करताहेत. शिवाय मास्तरांना दवाखान्यात हलवतोय. आता मला नीट आठवून सांगा, आणखी कुणाच्या जवळ गेला होतात?

आचारी: कोपऱ्यातल्या आजींच्या. त्यांच्या गोळ्यांची डबी उघडत नव्हती, मी उघडून दिली, दातांनी.

मॅडम: दातांनी. बरं. पुढे?

आचारी: बुद्धिबळवाले दोघे. काल त्यांच्या पटावर वाकून बघत उभा होतो बराच वेळ. आणि दाराशी बसतात ते काका, त्यांनी माझ्याच पेल्यातून पाणी घेतलं. बाकी कुणी नाही. नाही, थांबा, रविवारी बाग झाडणाऱ्या आजोबांचा स्वेटर घालून दिला.

मॅडम: लिहून घेतलं. या सगळ्यांवर लक्ष ठेवतो आम्ही.

आचारी: पण बेचाळीस ताटं, मॅडम, कोण...

मॅडम: एक्केचाळीस. मास्तर नाहीत आज.

आचारी: हो.

मॅडम: आम्ही भात शिजवू, भाज्या उकडू. चिरलेला कांदा तर भरपूर दिसतोय इथे. अळणी जेवणानं आजवर कुणी मेलेलं नाही. तुम्ही घरी राहा, आणि पूर्ण बरे झाल्याशिवाय इकडे फिरकू नका.

आचारी: मॅडम, माझी तीन महिन्यांची बोली...

मॅडम: त्यावर आज नको. आज बोलले तर रागात बोलेन. ठेवते.

मावशी: ठेवला?

आचारी: ठेवला. पुढे काय करू, मावशी?

मावशी: आता घरी जा. चालत जा, बसमध्ये चढू नकोस हिला घेऊन. गेल्या गेल्या खिडक्या उघड. हिचा पेला वेगळा, तुझा वेगळा. नाक पुसलेला कागद लगेच झाकणाच्या डब्यात, आणि मग हात धुवायचे, नुसते ओले करायचे नाहीत. पाणी पाजत राहा. श्वास जोरात चालायला लागला, फासळ्या ओढल्या जायला लागल्या, तर माझी किंवा कुणाचीही वाट न बघता दवाखाना गाठ. हिच्या आईला आज वेगळं झोपायला सांग.

आचारी: तिला काय सांगू?

मावशी: मॅडमना सांगितलंस तेच. थांब, मऊ भाताचा डबा देते. पायरीवर ठेवते, मी आत गेले की उचल. आणि ती मूठ तशीच राहू दे, मी पुसून घेते.

(चार दिवसांनी. फोनवर.)

मावशी: उचलायला इतका वेळ? मला वाटलं, पोरीला पुन्हा चढला की काय.

आचारी: नाही नाही. हात साबणाचे होते. खारूला काल सकाळपासून ताप नाही, औषध परवाच थांबवलं. आता पलंगावरून उड्या मारतेय. मीच कंटाळलोय, मावशी. घरातली सगळी भांडी घासून झाली, पातेल्यांचे तळ झाले आरशासारखे. तीनदा जिन्यापर्यंत जाऊन परत आलो. इतकं रिकामं कधी बसलोच नाही मी.

मावशी: आणि तिची आई?

आचारी: ती सुटली, तिला काही झालं नाही. पहिल्या दिवशी मला खूप बोलली, मग उशी घेऊन दुसऱ्या खोलीत गेली. अजून तिथेच झोपते. आता सर्दीमुळे की माझ्यामुळे, ते विचारलं नाही. तुमचं मूठभर कसं आहे?

मावशी: मजेत आहे. आज हसलं पहिल्यांदा माझ्याकडे बघून. सोमवारी आण खारूला.

आचारी: आणतो. मावशी, एक विचारू? त्या पैलवानाच्या आईला...

मावशी: केला फोन. दोन दिवस नुसता हातात घेऊन ठेवत होते, काल केला. सांगितलं सगळं.

आचारी: काय म्हणाली?

मावशी: ऐकून घेतलं. मागे तो ओरडत होता कशासाठी तरी, ते ऐकू येत होतं मला. मग म्हणाली, त्याला जेवायला वाढायचंय. ठेवला तिनं.

आचारी: पुन्हा करेल ती.

मावशी: करेल किंवा नाही करणार. तिचा हक्क आहे. तुझ्या नोकरीचं काय ठरलं?

आचारी: पक्कं नाही केलं. आणखी तीन महिने बघू म्हणाल्या मॅडम. काढलं नाही एवढंच. कोपऱ्यातल्या आजींना ताप येऊन गेला, पण लवकर आवरला. बाकीचे ठीक आहेत. दुसरा आचारी रजा अर्धी टाकून आलाय, तो माझ्या नावानं बोटं मोडतोय.

मावशी: मोडू दे. मास्तर?

आचारी: काल संध्याकाळी आणलं परत. तीन दिवस प्राणवायू लावला होता. अशक्त झालेत, पण धोका टळला म्हणाले डॉक्टर. खोलीत एकटेच आहेत सध्या. आल्या आल्या विचारलं म्हणे, आचारी कुठेय.

मावशी: मग काय सांगितलं त्यांना?

आचारी: खरं तेच. मॅडमच्या तोंडाला मास्क, मास्तरांना ओठ दिसेनात. शेवटी मॅडमनी पाटीवर लिहून दाखवलं. त्याला सर्दी होती, त्यानं लपवली, तुम्हाला त्याच्याकडून लागली.

मावशी: असं सरळ लिहिलं?

आचारी: सरळ. मास्तरांनी चष्मा मागून घेतला, दोनदा वाचलं. आधी म्हणाले, सर्दीतली वेलांटी चुकलीय, दुसरी हवी.

मावशी: आणि नंतर?

आचारी: मॅडम निघाल्या तेव्हा म्हणाले, त्याला निरोप द्या. चांगला बरा होऊन ये म्हणावं. मला घाई नाही.